काविळीचं वर्ष आणि लॅटिनची क्रियापदं

कावीळ झाली म्हणून मी लॅटिन शिकले. हे वाक्य मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलंय, आणि दर वेळी ऐकणारा आधी हसतो, मग विचारतो, लॅटिन म्हणजे ते डॉक्टर लोकांचं का? मी हो म्हणून सोडून देते. शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं, त्यात कुणी कधी माझ्याकडं लॅटिन मागितलं नाही. पण आता निवृत्तीनंतर परभणीतल्या या दोन खोल्यांत दुपारी पडल्या पडल्या जे पुन्हा पुन्हा आठवतं, ते ना लग्न असतं ना नोकरीचा पहिला दिवस. ते सोनपेठचं ते एक आजारी वर्ष असतं.

अकरावीला मला गंगाखेडला पाठवायचं ठरलं होतं. पेटी भरून झाली होती, आणि त्याच आठवड्यात माझे डोळे पिवळे झाले. वर्ष गेलं. आमचं घर गावाच्या कडेला, मागं आमचीच जमीन, पुढं रस्ता. माझी खाट आईनं पडवीत टाकली होती. तिथून मला सगळं ऐकू यायचं, दिसायचं फार थोडं. पिठाच्या गिरणीचा पट्टा सकाळी सुरू व्हायचा तेव्हा आधी दोनदा खोकल्यासारखा आवाज यायचा. एस.टी. आली की कंडक्टरची घंटा, मग उतरणाऱ्या बायकांचं एकमेकींना हाका मारणं. बाजारच्या दिवशी शेरडांचं ओरडणं सकाळपासून. खायला मात्र तेच ते. ज्वारीच्या कण्या, पातळ ताक, लाह्या, दुपारी उसाचा रस. तेल बंद, तिखट बंद, हळदसुद्धा बंद. शेजारी एकदा लग्न निघालं आणि भाजक्या डाळींच्या येसराच्या आमटीचा वास भिंतीवरून आमच्या पडवीत आला, तेव्हा मी उशीत तोंड खुपसून रडले होते. आईनं ते पाहिलं आणि त्या दिवशी तिनंही नुसत्या कण्याच खाल्ल्या.

आमच्या घरापासून शंभर पावलांवर ख्रिस्ती मिशनच्या सिस्टर लोकांचा लहानसा दवाखाना होता. मुख्य काम बघायच्या त्या सिस्टर लीना. केरळच्या, तरुण, भराभर चालणाऱ्या. त्या तपासून चिठ्ठी लिहायच्या. आणि औषधांच्या खिडकीत बसायच्या सिस्टर ब्रिजिता. वय सत्तरीचं, वसईच्या, त्यामुळं मराठी घरचंच, फक्त आमच्यापेक्षा शुद्ध आणि थोडं गाण्यासारखं. मुंबईत त्यांनी आयुष्यभर मुलींना लॅटिन शिकवलं होतं. मग शाळेनं लॅटिन बंद केलं, आणि ज्यांच्याकडं दुसरा विषय नव्हता त्या सिस्टर ब्रिजिता गोळ्या मोजायला सोनपेठला आल्या.

इंजेक्शनासाठी मी एक दिवसाआड तिथं जायची. खिडकीपाशी उभी राहिले की आतून पुटपुटणं ऐकू यायचं. बोटानं गोळ्या पुढं सरकवत, एका लयीत, अमारे, मोनेरे, रेजेरे, आउदीरे. मला वाटलं जप चाललाय. एकदा धीर करून विचारलं, "सिस्टर, ह्यो कंचा मंत्र हाय?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "मंत्र नाही. क्रियापदं आहेत. प्रेम करणे, बजावणे, राज्य करणे, ऐकणे. चार वर्ग, चार नमुने. या चारांमागे लॅटिनमधली हजारो क्रियापदं चालतात." मग माझ्या पिवळ्या डोळ्यांकडं बघून म्हणाल्या, "दिवसभर घरी पडून तू काय करतेस?"

"पडायलेय, दुसरं काय."

"पडायलेय," त्यांनी शब्द तोंडात घोळवला. "म्हणजे पडायला लागले आहे. मधलं सगळं गाळून 'पडायला' आणि 'आहे' एवढंच ठेवता तुम्ही. किती सुंदर. उद्या दुपारी ये. वही आण."

असं ते सुरू झालं. दुपारी दोन ते चार दवाखाना बंद असायचा. मागच्या व्हरांड्यात, कडुनिंबाच्या सावलीत, दोन खुर्च्या. पहिले कित्येक दिवस त्यांनी मला वाक्य असं शिकवलंच नाही. फक्त क्रियापदाचं ते एक रूप, ज्याला त्या इन्फिनिटिव्ह म्हणायच्या. शाळेत आम्ही धातुसाधितं घोकली होती, पण ती कशासाठी असतात हे कुणी सांगितलं नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, "जातो म्हटलं की कोण ते कळतं, कधी ते कळतं. पण 'जाणे'? ते अजून कुणाचंच झालेलं नाही. तुझंही होऊ शकतं, माझंही. 'मला जायचंय', 'जाऊ दे', 'जायला हवं', 'जाणं बरं नव्हे', मराठीत यासाठी किती रूपं लागली बघ. लॅटिनमध्ये या सगळ्याला एकच, ईरे." माझ्या गावातल्या भाषेला कुणी लॅटिनशेजारी बसवलं हे मला तेव्हा फार अपूर्वाईचं वाटलं. आमच्या हेडमास्तरांनी 'जायलेय' म्हटल्याबद्दल पट्ट्या मारल्या होत्या.

मग काळ आले. अमारे म्हणजे प्रेम करणे. अमाविस्से म्हणजे प्रेम केलेलं असणे. जी गोष्ट होऊन गेली तिचंही असं नाव असतं, आणि तेही एका शब्दात, याचं मला नवल वाटत राहिलं. "आता नीट ऐक," त्या म्हणाल्या. "आपण म्हणतो, आई आली असं मी सांगते. लॅटिनमध्ये 'असं' नाही, 'की' नाही. आईला द्वितीयेत ठेवायचं आणि क्रियापद इन्फिनिटिव्हमध्ये. दीको मात्रेम वेनीरे म्हटलंस, तर मी सांगते आहे त्याच घडीला आई येते आहे, वाटेत आहे. दीको मात्रेम वेनिस्से म्हटलंस, तर आई घरात पोचली." मी घरी येऊन खाटेवर पडल्या पडल्या हेच मोठ्यानं घोकायची. आई वाटेत, आई घरात. एकदा आई चुलीपुढून ओरडली, "म्या कुठं वाटंत हाय गं? हितंच तर हाय सकाळधरनं!"

गावात चर्चा व्हायचीच. कुणीतरी अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या कानावर घातलं की पोरीला बाटवायलेत. अण्णा फारसं न बोलणारे, पण एकदा मनात आलं की जाऊन खात्री करणारे. दुसऱ्या दिवशी दुपारी धोतर झटकून ते माझ्याबरोबर व्हरांड्यात येऊन बसले. "बाई, पोरीला काय शिकवायलाव तुमी?"

सिस्टर म्हणाल्या, "बसा आणि ऐका." आणि त्यांनी मला त्या दिवशीचा धडा दिला. कर्मणी रूपांचा होता. अमारेचं अमारी, मोनेरेचं मोनेरी, आउदीरेचं आउदीरी. करणे, केलं जाणे. शेवटचा एकार जाऊन ईकार येतो, एवढंच. "पण तिसरा वर्ग तसा चालत नाही," सिस्टर बोट उगारून म्हणाल्या. "रेजेरेचं रेजेरी होत नाही. मधला सगळा भाग गळतो आणि उरतं रेजी. सगळ्या मुली इथं चुकतात. तू चुकायचं नाहीस." मी लगेच चुकले. त्यांनी मला वीस वेळा रेजी म्हणायला लावलं. अण्णा तासभर मांडी घालून बसले. उठताना हात जोडून म्हणाले, "व्याकरन हाय. व्याकरनानं कुनी बाटत न्हाई. चालू द्या." नंतर बाजारात कुणी विचारलं तर ते स्वतःच "रेजी, रेजी" म्हणून दाखवायचे आणि समोरचा गप्प व्हायचा.

श्रावणाच्या सुमाराला माझे डोळे पांढरे झाले. तरी मी जात राहिले. आता मीच खिडकीत त्यांच्या शेजारी स्टुलावर बसायची, गर्दी नसली की त्या एखादं रूप विचारायच्या. असंच एकदा नमुने म्हणत असताना त्या म्हणाल्या, अमारी, मोनेरी, रेजेरी, आउदीरी. मी दचकून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मला वाटलं, मुद्दाम माझी परीक्षा घेतायत. मी वाट बघितली. त्या पुढं गेल्या.

मग अधूनमधून तसं होऊ लागलं. कालच झालेला धडा आज पुन्हा नव्यानं. वेनीरे आणि वेनिस्से यांची अदलाबदल. एकदा त्यांनी माझ्या वहीत बरोबर लिहिलेलं रूप लाल पेन्सिलनं खोडलं आणि चुकीचं लिहिलं. मी ते पान घरी येऊन फाडलं. का फाडलं, असं मी स्वतःला आजही विचारते. आई-अण्णा लॅटिन वाचणार नव्हते. कुणालाच ते कळणार नव्हतं. पण मला ते पान वहीत असणंच सहन होईना. त्यांना 'चुकलं' म्हणायचं माझ्या मनातही आलं नाही. आमच्या घरी मोठ्या माणसाला चुकलं म्हणण्याची पद्धत नव्हती, आणि ही तर मला आवडणारी, माझ्यावर जीव असलेली म्हातारी बाई. मी मनातल्या मनात दुरुस्त करायची, आणि मान डोलवायची. यात मला थोडा मोठेपणाही वाटत होता, हे आज कबूल करायला हरकत नाही. मी त्यांना सांभाळते आहे असं मला वाटत होतं.

दसरा झाला, आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागल्या. दवाखान्यामागच्या मैदानात ट्रक उभे राहायचे. त्यांवर बाजा, पत्र्याचे डबे, कोंबड्यांच्या डालग्या, आणि सगळ्याच्या वर बसलेल्या बायका. निघायच्या आधी बायका पोरांना घेऊन औषधाला यायच्या, कारण पुढं सहा महिने कुठल्या फडावर दवाखाना मिळेल याचा भरवसा नसायचा. त्या सकाळी खिडकीपुढं मोठी रांग होती. सखूबाई नावाची एक बाई आली, कडेवर सात-आठ महिन्यांचं पोरगं तापलेलं. तिच्या स्वतःच्याही अंगात ताप. सिस्टर लीनांनी दोघांची चिठ्ठी दिली होती, बाईला गोळ्या, बाळाला पावडरीच्या पुड्या. सिस्टर ब्रिजितांनी दोन पाकिटं भरली. एकावर लिहिलं आई, एकावर बाळ.

मी शेजारीच होते. गोळ्या बाळाच्या पाकिटात जाताना मी बघितल्या. मला ते दिसलं. आणि मी नेहमीसारखी मान डोलावली.

ते इतकं सवयीनं झालं की मला कळायला वेळ लागला. रांगेतली पुढची दोन-तीन माणसं होऊन गेली. मग खिडकीच्या फळीवर राहिलेली सखूबाईची चिठ्ठी माझ्या हाताला लागली. सिस्टर लीनांचं अक्षर स्वच्छ होतं. मी उठले. कुणाला काही न सांगता मागच्या दारानं बाहेर पडले आणि पळत सुटले. महिनोन्‌महिने पळायची सवय नव्हती, मैदानाच्या मधोमध मी गुडघ्यावर पडले. उठून पुन्हा पळाले. एका ट्रकचं इंजिन सुरू झालं होतं.

"सखूबाई! सखूबाई हाय का कुनी?"

ती दुसऱ्या ट्रकच्या सावलीत बसली होती. पितळी पेल्यात पाणी, आणि पाण्यात गोळी विरघळवत होती. मी तिच्या हातातून पेला ओढून घेतला. पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं. "अगं ए, काय करायलीस?" ती ओरडली.

"पाकिटं बदललेत. त्या तुमच्या गोळ्या हायत. लेकराच्या न्हाईत. दिल्या का एखादी?"

"न्हाई. आता देयालेच होते की."

मी तिला चला म्हटलं. टोळीचा मुकादम खेकसला, ट्रक थांबणार न्हाई. सखूबाई त्याला म्हणाली, "थांबल. लेकरू माजं हाय." आणि माझ्या पुढं चालायला लागली.

मला वाटलं होतं हळूच आत जाऊन सिस्टर लीनांना सांगावं, पुड्या बदलून घ्याव्या. पण सखूबाई सरळ खिडकीपुढं गेली, रांगेच्या पुढं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाई, ही पोरगी म्हनायलीय का तुमी गोळ्या बदलल्या."

सिस्टर ब्रिजितांनी दोन्ही पाकिटं फळीवर उलटी केली. चिठ्ठी घेतली. बराच वेळ त्या चिठ्ठीकडं आणि पाकिटांकडं आळीपाळीनं बघत राहिल्या. मग त्यांनी नवी पाकिटं केली, आणि सखूबाईला देण्याआधी माझ्यापुढं सरकवली. "मंदाकिनी, तू बघ. चिठ्ठीशी ताडून बघ." मी बघितलं. "बरोबर आहेत," मी म्हटलं. सखूबाई निघाली. जाता जाता मागं वळून म्हणाली, "देव भलं करो," पण ते आम्हा दोघींपैकी कुणाला, ते कळलं नाही.

सिस्टरांनी खिडकीचं दार लावलं. कमरेच्या किल्ल्या काढल्या, आत जाऊन सिस्टर लीनांच्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "आजपासून खिडकीत मी बसणार नाही. कारण मी सांगेन तुम्हाला, रांग संपू द्या." आणि मागच्या व्हरांड्यात येऊन आपल्या खुर्चीत बसल्या. मी समोर उभी. माझ्या गुडघ्यातून रक्त येत होतं, ते त्यांना आधी दिसलं. स्वतः उठून त्यांनी ते धुतलं. पट्टी बांधता बांधता, वर न बघता विचारलं, "हे आधी कधी झालं होतं?"

"औषधात न्हाई."

"मग कशात?"

मी पट्टीकडं बघितलं. मग म्हणाले, "रेजी."

"काय म्हणाले मी?"

"रेजेरी."

पट्टीची गाठ मारून त्या खुर्चीत मागं टेकल्या. "किती दिवस?"

"श्रावणापासून. आनिक पन हायत. लय न्हाईत."

"आणि तू गप्प बसलीस."

"तुमाला वाईट वाटलं असतं, सिस्टर."

"मला वाईट वाटू द्यायचं होतंस," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "दोन महिन्यांपूर्वी मला वाईट वाटलं असतं, तर आज मी त्या खिडकीत नसते." मग अगदी हळू, "ते मूल आता ट्रकवर असेल ना?" मी हो म्हटलं. त्यांनी डोळे पुसले. मी त्यांना रडताना एवढं एकदाच बघितलं.

मला वाटलं, आता माझं येणं संपलं. दुसऱ्या दिवशी मी गेलेच नाही. तिसऱ्या दिवशी त्या स्वतः आमच्या पडवीत आल्या. आईची धांदल उडाली, चहा टाकू की सरबत करू. सिस्टर माझ्या खाटेवर बसल्या आणि त्यांनी मला त्यांचं व्याकरणाचं जुनं पुस्तक दिलं. "आता पुस्तक तू धरायचं. मी म्हणून दाखवेन. चुकले की चुकलं म्हणायचं. मोठ्यानं. जमेल?"

जमेना. पहिल्या दिवशी त्या चुकल्या आणि माझ्या तोंडातून शब्द निघेना. त्या वाट बघत बसल्या. आई दारात उभी होती. शेवटी मी पुस्तकात बघत पुटपुटले, "चुकलं." आई कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं, म्हाताऱ्या मानसाला चुकलं म्हनतीस?" सिस्टर आईकडं वळून म्हणाल्या, "म्हणू द्या, वहिनी. तिच्याकडून मला तेवढंच हवंय." हिवाळाभर आम्ही तसं केलं. काही दुपारी एकही चूक व्हायची नाही आणि त्या लहान मुलीसारख्या खूश व्हायच्या. काही दुपारी मी चुकलं, चुकलं म्हणून थकायची, आणि त्या प्रत्येक वेळी "मग काय?" विचारून बरोबर रूप स्वतःच्या वहीत लिहून घ्यायच्या. माझ्या शिकवण्याच्या सगळ्या वर्षांत मला याहून चांगली विद्यार्थिनी मिळाली नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही.

उन्हाळ्यात त्यांना वसईला, म्हाताऱ्या सिस्टरांच्या घरी नेलं. न्यायला जीप आली होती. अण्णांनी ज्वारीचं अर्धं पोतं जीपमध्ये ठेवलं, त्या नको नको म्हणत असताना. मी जूनमध्ये परभणीला कॉलेजात गेले, मावशीकडं राहिले. तिथं मला पहिलं पोस्टकार्ड आलं. अक्षर दुसऱ्या कुणाचं होतं, मजकूर त्यांनी सांगितलेला. तब्येत बरी आहे, समुद्राचा वारा येतो, आणि एक प्रश्न. फेर्रे, म्हणजे वाहणे, सोसणे, हे क्रियापद वेडंवाकडं चालतं, त्याचं भूतकाळी इन्फिनिटिव्ह काय ते मला आठवत नाही, इथं पुस्तक नाही, तरी कळव. पुस्तक माझ्याकडंच होतं. मी लिहिलं, तुलिस्से.

महिन्याभरानं कार्ड आलं. वारा, तब्येत, आणि फेर्रेचं भूतकाळी काय? मी पुन्हा लिहिलं, तुलिस्से. तिसऱ्या कार्डालाही तेच. चौथ्या वेळी मी कार्ड हातात धरून मावशीच्या ओट्यावर बराच वेळ बसले. विचारलंय तेवढ्याचं खरं उत्तर आपण देतोच आहोत, अशी मी स्वतःची समजूत घातली, आणि तसंच उत्तर टाकलं. पाचव्या कार्डात प्रश्नाच्या खाली आणखी एक ओळ होती. हे मी तुला आधी विचारलंय का? खरं सांग.

मी लिहिलं, हो सिस्टर. चार वेळा. उत्तर तुलिस्से. ते कार्ड टपालपेटीत टाकल्यावर मला ते परत काढून घ्यावंसं वाटत होतं. दोन महिने काही आलं नाही. त्या दोन महिन्यांत मी कॉलेजात काय शिकले ते मला आठवत नाही.

मग आलं. या वेळी पत्ता दुसऱ्याच्या अक्षरात होता, पण मागची बाजू सगळी मोकळी. मधोमध, त्यांच्या स्वतःच्या हातानं, पेन्सिलीनं, रोमन लिपीत एकच शब्द लिहिलेला होता. तुलिस्से. त्यात एक एल जास्त होता.

मावशीच्या मुलाच्या दप्तरातून मी लाल पेन्सिल घेतली, जास्तीच्या एलवर काट मारली, समासात लिहिलं 'चुकलं', आणि ते कार्ड लिफाफ्यात घालून त्याच दिवशी वसईला पाठवून दिलं.